एकाच लेखणीतून दोन चेहरे
(एटापल्ली येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



फिलिप मेडोज टेलर यांचा जन्म १८०८ चा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी ते नोकरीसाठी मुंबईत आले, पुढे निजामाच्या फौजेत गेले. इथल्या भाषा शिकले, नळदुर्गात कारभार पाहिला.

१८३९ मध्ये त्यांची ठगावरची कादंबरी विलायतेत गाजली. तिचा नायक अमीर अली, धंदा खून आणि लूट. १८६३ मध्ये ‘तारा’ आली. तीत अफजलखानाचा मुलगा फाजल तुळजापूरच्या ब्राह्मण विधवेवर प्रेम करतो. चांदबिबीवरची त्यांची कादंबरी तर त्यांच्या मृत्यूनंतर, १८७८ मध्ये निघाली.

कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. पण न पाहिलेल्या माणसाचा चेहरा वाचकाच्या मनात तीच उभा करते. मुसलमानाचे हे दोन्ही चेहरे एकाच माणसाने, परक्या वाचकांसाठी रंगवले.

आपलं कुणीतरी लिहितं, याची तक्रार आपण करतो. मग एटापल्लीतल्या माडिया शेजाऱ्याबद्दल आपण काय बोलतो? त्याची भाषा किती जणांना येते? आधी ती शिकूया. लेखणी त्यानंतर उचलू.