पटकथेची मांडणी आणि परिभाषा
(हौशी लेखक व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



गोमंतकातील देवळांच्या उत्सवांत मराठी नाटक करण्याची परंपरा जुनी आहे. त्यामुळे अंक, प्रवेश, स्वगत, नेपथ्य हे शब्द आपणांस परके नाहीत. २००४ पासून आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरू लागला. आता चित्रपटासाठी लिहावे असे म्हणणारे तरुणही भेटतात. कथा त्यांच्यापाशी असते. ती कागदावर मांडताना मात्र ते अडतात.

याचे कारण असे की, पटकथा ही केवळ वाचनासाठी लिहिलेली साहित्यकृती नव्हे. घराचा नकाशा जसा गवंडी व सुतार हाती घेतात, तशी पटकथा छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक, वेशभूषाकार असे अनेकजण हाती घेतात. त्या सर्वांस ती एकाच अर्थाने कळावी, म्हणून तिची मांडणी ठरलेली असते.

तिचा मूळ घटक म्हणजे दृश्य. स्थळ वा काळ बदलला की नवे दृश्य सुरू होते. प्रत्येक दृश्यास शीर्षक द्यावे व त्यात तीन गोष्टी सांगाव्यात : आत की बाहेर, स्थळ कोणते, दिवस की रात्र. उदाहरणार्थ, ‘बाहेर. फेरीबोटीचा धक्का. रात्र.’ चित्रीकरण बहुधा कथेच्या क्रमाने होत नाही. धक्क्यावरील सारी दृश्ये एकत्र उरकली जातात. शीर्षकातून ‘रात्र’ हा एक शब्द गळला, तर दिव्यांची तरतूद राहून जाण्याचा आणि दिवसाचा खर्च पाण्यात जाण्याचा धोका असतो. लहान निर्मात्यास तो पेलवत नाही.

शीर्षकाखाली वर्णन येते. ते वर्तमानकाळात असावे आणि जे दिसते वा ऐकू येते, तेवढेच त्यात असावे. ‘भावाच्या वागण्याने यशवंताला दुःख झाले’ हे वाक्य कादंबरीत शोभते. पटकथेत लिहावे : ‘यशवंत पत्र वाचतो, त्याची घडी घालतो आणि भरल्या ताटावरून उठतो.’ त्यानंतर पात्राचे नाव व त्याखाली संवाद. नाटकात संवादावर जो भार असतो, तो येथे पुष्कळसा कृतीने उचलावयाचा असतो.

काही शब्द सर्वत्र इंग्रजीच रूढ आहेत. एका चित्रावरून थेट दुसऱ्यावर जाणे म्हणजे ‘कट’. एक विरत असता दुसरे उमटणे म्हणजे ‘डिझॉल्व्ह’. पात्र त्याच जागी आहे, पण चौकटीबाहेरून बोलते, तेव्हा ‘ऑफ स्क्रीन’. आवाज दृश्याबाहेरील निवेदनाचा असेल, तर ‘व्हॉइस ओव्हर’. ‘क्लोज-अप’ कोठे घ्यावा, हे मात्र सहसा दिग्दर्शकावर सोपवावे.

प्रमाणित इंग्रजी मांडणीत एक पान म्हणजे सुमारे एक मिनिट, असा ढोबळ हिशेब आहे. हस्तलिखित देवनागरीस तो जसाच्या तसा लागू पडत नाही. दृश्य मोठ्याने वाचावे आणि घड्याळ पाहावे, हे उत्तम.

आणखी एक गोष्ट. नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केले. त्यांचे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांचा विषय एक होता, तरी नक्कल सिद्ध झाली नाही. म्हणून तोंडी सांगितलेल्या कल्पनेवर विसंबू नये. ती दृश्यादृश्यांनी लिहून काढावी, तारीख घालावी व एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. नीट मांडणीने इतरांचे श्रम वाचतात, तसे आपलेही राखले जातात.

शिक्षकांस माझी विनंती एवढीच की, पाठ्यपुस्तकातील एखाद्या कथेचा एक प्रसंग मुलांकडून अशा रीतीने लिहून घ्यावा. वही, पेन्सिल आणि घड्याळ यांपलीकडे त्यास काही लागत नाही.