डोंगराची बाजू

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



 डोंगरालाही हक्क असतात, ते कायद्याने मानावेत आणि खाणीपासून बचाव मागण्याचा अधिकार डोंगराला असावा, असा एक विचार आज जगात मूळ धरीत आहे. तो विचार काय आहे आणि घरसंसार सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या बायकांशी त्याचा काय संबंध, हे सांगण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

डोंगराला हक्क म्हटले की प्रथम हसू येते. त्यात वावगे काही नाही. नवा हक्क कोणी मागितला की जग आधी हसतेच. वडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने वाटा, ही गोष्ट आपल्या पणज्यांना थट्टेचीच वाटली असती. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याने तिची सुरुवात झाली आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीतही मुलगी मुलाच्या पंक्तीला बसली. १९७२ साली अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक क्रिस्टोफर स्टोन यांनी एका निबंधात हाच मुद्दा मांडला. बायका, मुले, गुलाम यांना एके काळी कायदा पुरते माणूस म्हणून मोजीत नव्हता, आज मोजतो. मग झाडे, नद्या, डोंगर यांनाच हक्क का नसावेत, असा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न नुसता पंडिती नाही. शेजाऱ्याने माझ्या विहिरीत घाण पाणी सोडले, तर मी कोर्टात जाऊ शकते; कारण विहीर माझी आणि नुकसानही माझे. पण ज्या रानात वस्तीच नाही, तेथला झरा आटला, तेथल्या माकडांचे घर मोडले, तर फिर्याद कोणी करायची? जो करील त्याला विचारतील, "बाई, यात तुमचे काय गेले?" माझे काही गेले नाही, ज्याचे गेले तो मुका आहे. दृष्टीआड सृष्टी म्हणतात ती हीच. डोंगर जितका दुर्गम, तितका त्याला फिर्यादी कमी.

आता तुम्ही म्हणाल, मुक्याला कोर्टात उभे तरी कसे करणार? भगिनींनो, ही युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे. आपल्या गावच्या देवाच्या नावाने जमीन असते. सातबाऱ्यावर देवाचे नाव लागते, वहिवाट दुसरा कोणी करतो. १९२५ साली कलकत्त्याच्या एका घराण्यातील कुलदेवतेचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. तेव्हा न्यायाधीशांनी स्पष्ट सांगितले की मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, ती कोणाच्या घरचे सामान नव्हे. तिचे हित पाहण्यासाठी त्या भांडणात ज्याचा स्वार्थ नाही असा माणूस नेमावा. अज्ञान मुलाच्या जमिनीवरही पालनकर्त्याचे नाव लागतेच. मूल बोलू शकत नाही म्हणून जमीन त्याची नाही, असे कोणी म्हणत नाही. गाभाऱ्यातल्या दगडाला जर हक्क आहे, तर ज्या डोंगरातून तो दगड आला, त्या डोंगराला का असू नये?

हे करून दाखविले दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर या लहानशा देशाने. २००८ साली तेथे लोकांचा कौल घेऊन नवी राज्यघटना मंजूर झाली. तिच्या एकाहत्तराव्या कलमात निसर्गाला हक्क दिलेले आहेत. तेथले मूळचे लोक धरणीमातेला 'पाचामामा' म्हणतात. तो शब्दच घटनेत घातला आहे. जगण्याचा, आपली जीवनचक्रे चालू ठेवण्याचा आणि पुन्हा उभारी धरण्याचा तो हक्क आहे. महत्त्वाचे म्हणजे, या हक्कासाठी दाद कोणीही मागू शकतो. तुमचे स्वतःचे काय गेले, हा प्रश्नच तेथे उरत नाही.

या कलमाची कसोटी लागली ती लोस सेद्रोस नावाच्या अरण्यात. इक्वेडोरच्या उत्तरेस, अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारावर, इंबाबुरा प्रांतात हे राखीव रान आहे. सुमारे ६,४०० हेक्टरांचे, म्हणजे जवळजवळ सोळा हजार एकरांचे. याला मेघवन म्हणावे असे ते आहे. वर्षाचा बराच काळ ढग झाडांतून फिरत असतात. पाने, शेवाळ आणि झाडांवर वाढणारी आमरे त्यांतले पाणी टिपून घेतात आणि ते थेंबाथेंबाने नद्यांना मिळते. तेथे अस्वले आहेत, जग्वार आहे आणि जगातून नाहीशी होण्याच्या बेतात असलेली तपकिरी डोक्याची कोळी-माकडे आहेत. अशा या रानाच्या सुमारे दोन तृतीयांश भागावर तांबे आणि सोने शोधण्याचा परवाना तेथल्या सरकारी खाण कंपनीला मिळाला होता.

कोताकाची येथील नगरपालिकेने त्याविरुद्ध दावा लावला. खालून वर जात तो घटना-न्यायालयापुढे आला. १० नोव्हेंबर २०२१ या तारखेचा निकाल १ डिसेंबरला जाहीर झाला. न्यायालयाने सांगितले की ज्या कामामुळे प्राण्यांच्या जाती नष्ट होण्याची किंवा निसर्गाची व्यवस्था कायमची मोडण्याची भीती आहे, तेथे नुकसानीचा पक्का पुरावा हाती येईपर्यंत थांबता येत नाही. आधीच हात आवरला पाहिजे. खाणीचे परवाने रद्द झाले. या निकालात मला मोलाचे वाटते ते असे, की जोखीम कोणी घ्यावी हा प्रश्न तेथे उलटा झाला. एरवी शंकेचा फायदा खाणीला मिळतो. येथे तो रानाला मिळाला. नाहीशी झालेली जात कोणत्याही भरपाईने परत येत नाही, हे तर आपल्याला शाळेत न जाताही समजते.

पण नुसत्या कलमाने हे घडले असे मात्र समजू नका. त्याच मुलखात, इंताग खोऱ्यात, लोकांनी पंचवीस-तीस वर्षे आधीपासून झुंज दिली होती. एका परदेशी कंपनीने तेथे तांबे शोधले, तेव्हा चिडलेल्या गावकऱ्यांनी १९९७ साली कंपनीचा तळ जाळला. जाळपोळीचे मी समर्थन करीत नाही. पुढे त्या लोकांनी जे केले ते मला अधिक मोठे वाटते. खाण नको म्हणता, तर खाणार काय, या प्रश्नाला त्यांनी कामाने उत्तर दिले. सावलीतली कॉफी लावून तिची सहकारी विक्री सुरू केली. बायकांनी आपली मंडळे काढून घायपातासारख्या झाडाच्या वाखापासून पिशव्या विणून विकल्या. आपल्यासारखीच ती मंडळे, बरे का! याच खोऱ्यात १९८९ नंतर कोणी न पाहिलेला एक बेडूक २०१६ साली पुन्हा सापडला, आणि त्या बेडकासारख्या जीवांच्या बाजूने चाललेल्या दाव्यात मार्च २०२३ मध्ये प्रांतिक न्यायालयाने तेथल्या तांब्याच्या खाणीचा परवाना रद्द केला. बेडकाने खाण थांबविली, असे म्हणायला हरकत नाही. पण त्याच्या मागे माणसे उभी होती.

आपल्या देशातही डोंगर वाचला आहे, तो वेगळ्या वाटेने. ओडिशातील नियमगिरीच्या माथ्यावर बॉक्साइट आहे आणि तेथे डोंगरिया कोंध लोक राहतात. तो डोंगर त्यांच्या नियमराजाचे स्थान आहे. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खाणीमुळे या लोकांच्या धर्मावर आणि वहिवाटीवर घाला येतो की काय, हे ग्रामसभांनीच ठरवावे. त्या वर्षीच्या पावसाळ्यात जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर बारा गावांच्या सभा भरल्या आणि बाराही गावांनी 'नाही' म्हटले. पुढच्या जानेवारीत केंद्र सरकारने परवानगी नाकारली. येथे डोंगर वाचला तो त्याच्या माणसांच्या हक्कामुळे. लोस सेद्रोस वाचले ते रानाच्या स्वतःच्या हक्कामुळे. दोन्ही हक्क असावेत, असे मला वाटते. जेथे माणसे आहेत तेथे त्यांचा शब्द चालावा. जेथे नाहीत तेथे डोंगर पोरका राहू नये.

आपल्या न्यायालयांनीही या दिशेने पाऊल टाकून पाहिले आहे. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा आणि यमुना यांना जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. पण नदी अनेक राज्यांतून वाहते, तिला पूर येऊन नुकसान झाले तर भरपाई कोणी द्यायची, अशा शंका राज्य सरकारने काढल्या आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. न्यूझीलंडच्या पार्लमेंटने मात्र जानेवारी २०२५ मध्ये तारानाकी या डोंगराला कायद्याने व्यक्ती मानले आणि त्याच्या वतीने बोलणारी माणसे कोण, हेही त्याच कायद्यात लिहिले. नुसता मान देऊन भागत नाही, पालनकर्ता नेमावा लागतो, हा यातला धडा.

आता आपल्या सह्याद्रीकडे वळू. त्याचा माथा अनेक ठिकाणी जांभ्याचा आणि बॉक्साइटचा आहे. हा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात झऱ्यांना पुरवितो; डोंगराच्या डोक्यावरचा माठच म्हणा ना. खाण येते ती नेमकी हा माठ फोडायला. गोव्यात बेकायदा खाणकाम इतके वाढले की २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले, आणि २०१८ मध्ये नूतनीकरण केलेले ८८ पट्टे रद्द झाले. २०२१ च्या जुलैत सिंधुदुर्ग जिल्ह्यात कळणे येथे खाणीत साठलेले पाणी बांध फोडून बाहेर पडले आणि लोकांच्या शेतांत चिखल शिरला. प्राध्यापक माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ सालीच सांगितले होते की पश्चिम घाटाच्या सर्वांत नाजूक भागांत नव्या खाणी देऊ नयेत आणि निर्णयात ग्रामसभांना विचारावे. त्या अहवालावर वाद पुष्कळ झाला, अंमल थोडा.

गाडगीळांनी आणि वा. द. वर्तकांनी पूर्वी आपल्या देवरायांचाही अभ्यास केला होता. देवराई म्हणजे काय? देवाच्या नावाने राखलेले रान. तेथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा अनेक गावांचा नेम. 'निसर्गाचे हक्क' हे शब्द आपल्याकडे नव्हते, पण आचार होता. आणि सकाळी जमिनीवर पाऊल टाकण्याआधी धरणीची क्षमा मागण्याची रीत तर आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. आपल्या गळ्यात सोने आहे, देवघरात तांब्याची पळी-पंचपात्री आहे, घराच्या भिंतींतून तांब्याची तार फिरते. खाणी अजिबात नकोत, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण म्हणून वाटेल तेथे खणा, असेही होत नाही. आपणही घरात सगळेच विकायला काढत नाही. गरज पडली तर दागिना मोडतो, पण दुभती गाय राखतो. नद्यांची उगमस्थाने आणि दुसरीकडे कोठेही न राहणाऱ्या जीवांची घरे ही देशाची दुभती गाय आहे. शिवाय जुने सोने आटवून नवा दागिना होतो आणि मोडीचे तांबेही पुन्हा वितळते. लग्नात 'नवेच हवे' हा हट्ट आपण थोडा सोडला, तरी कोठेतरी डोंगराचा थोडा भार हलका होतो.

मंडळाने काय करावे, तेही सांगते. मोठ्या खाणीला परवानगी देण्यापूर्वी जनसुनावणी घ्यावी, असा २००६ सालच्या अधिसूचनेचा नियम आहे. तिची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत येते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. आपल्यापैकी दोघीतिघींनी या सूचनांवर लक्ष ठेवावे, मराठी सारांश मागवून सभेत वाचावा आणि सुनावणीला जावे. तेथे तीन प्रश्न विचारावेत: या डोंगरावर उगम कोणकोणते आहेत? येथे आहेत आणि दुसरीकडे नाहीत असे जीव कोणते? खाण संपल्यावर डोंगराची जबाबदारी कोणावर? "बाई, यात तुमचे काय गेले?" असे कोणी विचारलेच, तर राज्यघटनेचे एक्कावन्न-अ कलम दाखवावे. अरण्ये, तळी, नद्या आणि वन्य प्राणी यांचे रक्षण करणे आणि जीवमात्रावर दया करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून त्यात लिहिले आहे.

डोंगराला हक्क देणारा कायदा आपल्याकडे येईल तेव्हा येवो. त्याच्या बाजूने बोलणारे माणूस मात्र आजपासून असू शकते. मुक्या लेकराची भूक ओळखण्यात आपल्या बायकांचा हात कोणी धरणार नाही; तीच नजर डोंगराकडे वळवावी, एवढीच माझी विनंती आहे.