अवयवच्छेदनानंतर श्वानाच्या जखमेची निगा

(इंदूर येथे मराठी भाषिक श्वानपालकांच्या मेळाव्यात खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी आपण एखाद्या अनुभवी पशुवैद्यकास पाचारण केले असते तर ते अधिक उचित झाले असते. मी कला शाखेचा पदवीधर आहे आणि खात्यात माझ्याकडे प्रसिद्धीचे काम आहे. तज्ज्ञांनी सांगितलेली गोष्ट सर्वसामान्यांना समजेल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत पोहोचविणे एवढेच माझे कर्तव्य. परंतु या विषयाशी माझा संबंध केवळ नोकरीचा नाही. दीड वर्षापूर्वी याच शहरात, माझ्या थोरल्या बंधूंच्या घरी, जे घडले व ज्यात माझ्या हातून दोन चुका झाल्या, ते आपणांस सांगावे म्हणून मी हे निमंत्रण स्वीकारले.

बंधूंच्या घरी मोती नावाचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा आहे. एके दिवशी सायंकाळी एका मालवाहू गाडीची धडक बसून त्याच्या मागच्या उजव्या पायाच्या हाडांचा चुरा झाला. पाय थंड पडला होता आणि त्यास स्पर्शाची जाणीव उरली नव्हती. पशुवैद्यकांनी तपासून पाय काढण्याचा सल्ला दिला, तेव्हा घरातील कोणाच्याही घशाखाली घास उतरला नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी तर "त्यापेक्षा त्याला कायमचे झोपवलेले बरे" असेही सुचविले.

त्यावर डॉक्टरांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येक श्वानपालकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कुत्र्याच्या शरीराचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर आणि चाळीस टक्के मागच्या पायांवर असतो. त्यामुळे मागचा एक पाय गेला तरी तो स्वतःस सावरू शकतो. पुढचा पाय गेल्यास सावरण्यास थोडे अधिक कष्ट पडतात, पण बहुतेक कुत्री तेही साधतात. पाय बहुधा बराच वरून काढतात, कारण खाली खुंट राहिला तर तो जमिनीवर आपटून पुन्हा पुन्हा जखमी होतो. माणसाला अवयव गेल्याचे जे मानसिक दुःख होते, तसे दुःख करीत कुत्रा बसत नाही. वेदना शमली की तो उठून उभा राहावयास पाहतो. दुःख आपणांस होते, आणि ते स्वाभाविकही आहे, परंतु त्या दुःखापायी निर्णय लांबणीवर टाकणे हितावह नसते.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. दुसऱ्या दिवशी मोती घरी आला आणि तिसऱ्या दिवशी तीन पायांवर अंगणापर्यंत गेला. मी रजेवर होतो, म्हणून त्याच्या शुश्रूषेचा भार मी आनंदाने पत्करला. माझ्या चुका इथेच झाल्या. जखम चाटू नये म्हणून त्याच्या गळ्यात शंकूच्या आकाराची प्लॅस्टिकची कॉलर बांधली होती. तिच्यामुळे त्याला खाता येत नाही, झोपता येत नाही, असे वाटून मी ती रात्रीपुरती काढून ठेवू लागलो. ही झाली पहिली चूक. जंतुनाशक गोळ्या सात दिवस द्यावयाच्या होत्या. मोती हिंडूफिरू लागला, पोटभर जेवू लागला, आता औषधाचे काय काम, असे म्हणून मी चौथ्या दिवशी त्या थांबविल्या. ही दुसरी चूक.

सातव्या दिवशी सकाळी आमच्या वृद्ध आत्या त्याच्या अंथरुणाजवळून जाता जाता थबकल्या आणि म्हणाल्या, "अरे, याच्या जखमेला वास येतोय. डॉक्टरांना बोलाव." आत्यांनी आमच्या काकांची मधुमेहातील पायाची जखम वर्षभर सांभाळली होती. तो वास त्यांना ओळखीचा होता. आम्ही पाहिले तो टाक्यांभोवतीची त्वचा लाल होऊन तापली होती, एका टोकाचे दोन टाके सुटले होते आणि तेथून पिवळट पू येत होता. ताप १०४ अंशांवर गेला होता.

डॉक्टर रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "पाय काढण्याचे काम आमचे होते, ते तासाभरात झाले. जखम भरून आणण्याचे काम तुमच्या घराचे आहे." माझ्या आजच्या भाषणाचा सारांश या दोन वाक्यांत आला आहे.

शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही जखम चिघळल्यामुळे रोगी दगावणे, हा मानवजातीचा फार जुना अनुभव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातील मोठमोठ्या रुग्णालयांतही अवयव तोडल्यानंतर कित्येक रोगी जखमेतील विषाने मरत. ग्लासगो येथील शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी, लुई पाश्चर यांच्या सूक्ष्मजंतुविषयक संशोधनाचा आधार घेऊन, १८६५ साली जखमेवर कार्बोलिक आम्लाचा प्रयोग आरंभिला आणि १८६७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी स्वतः दिलेले आकडे बोलके आहेत. या पद्धतीपूर्वी अवयवच्छेदन केलेल्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले होते. पद्धत अंगीकारल्यावर ४० पैकी ६ दगावले. या काळात त्यांचा हात अधिक कुशल झाला असेलही, पण मुख्य फरक पडला तो जखमेच्या स्वच्छतेने.

आपल्याकडेही हा विचार अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या उपचाराचे साठ उपक्रम वर्णिलेले आहेत आणि व्रणी मनुष्याने कोठे व कसे राहावे यासाठी एक स्वतंत्र अध्याय खर्ची घातला आहे. त्याचे निवासस्थान स्वच्छ असावे, तेथे वाऱ्याचा झोत नसावा, असे त्यात सांगितले आहे. शल्यक्रियेइतकेच महत्त्व रोग्याच्या अंथरुणाला आणि खोलीला देणारी ही दृष्टी आजही मार्गदर्शक आहे.

आता व्यवहाराकडे वळू. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत थोडी सूज, थोडा काळानिळा रंग आणि किंचित गुलाबी पाण्यासारखा स्राव दिसणे हे बहुधा चिंतेचे कारण नसते. हे दिवसेंदिवस कमी होत गेले पाहिजे. जे कमी होत होते ते पुन्हा वाढू लागले तर सावध व्हावे. लाली पसरत जाणे, जखमेची जागा गरम लागणे, पिवळा वा हिरवट पू, दुर्गंधी, टाके उसवून जखम उघडी पडणे, कुत्र्याने अन्न टाकणे, सुस्त पडून राहणे, हात लावू न देणे, ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान सुमारे १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे ते आपल्यापेक्षा मुळातच अधिक असते. म्हणून हात लावून ताप ठरवू नये, तापमापकाने गुदद्वारातून मोजावा. १०३ च्या वर गेल्यास डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

एक साधा उपाय मी आता सर्वांना सुचवितो. रोज सकाळी ठरावीक वेळी, एकाच अंतरावरून, जखमेचे एक छायाचित्र घ्यावे. आजकाल प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनीबरोबर कॅमेराही असतो. कालचे आणि आजचे चित्र शेजारी ठेवले की रोज पाहणाऱ्या डोळ्यांस न जाणवणारा फरकही स्पष्ट होतो, आणि डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

जखमेला हात लावण्यापूर्वी व नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. अंथरूण रोज बदलावे आणि उन्हात वाळवावे. जखम कोरडी ठेवावी. टाके काढीपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, आंघोळ घालू नये. कुत्र्याची लाळ औषधी असते हा समज सोडून द्यावा. त्याच्या तोंडात असंख्य जंतू असतात आणि खरबरीत जिभेने टाके उसवतात. सबब गळ्यातील कॉलर रात्रंदिवस ठेवावी. जेवताना काढावी लागली तर आपण समोर बसून राहावे. गुळगुळीत फरशीवर तीन पायांचे जनावर घसरते व टाक्यांवर ताण येतो, म्हणून त्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी चटई अंथरावी. फिरणे थोडे, आणि तेही पट्टा धरूनच असावे.

आता वर्ज्य गोष्टी. हळद, तेल, राख, चुना, तंबाखू, यांपैकी काहीही जखमेवर घालू नये. हळदीविषयी आपल्या मनात आदर आहे, परंतु डब्यातील हळद निर्जंतुक नसते आणि तिचा थर बसला की खालचा पू दिसेनासा होतो. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड वारंवार ओतल्याने जंतूंबरोबर नवे येणारे मांसही जळते. घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जठरास व मूत्रपिंडास घातक ठरते.

पावसाळ्यात आणखी एक संकट असते ते माश्यांचे. उघड्या जखमेवर माशी अंडी घालते आणि साधारण दिवसभरातच त्यातून अळ्या बाहेर पडून मांसात शिरतात. तेव्हा जखमी कुत्र्यास घरात, शक्य तर मच्छरदाणीत ठेवावे. अळ्या दिसल्या तर घरगुती उपाय न करता तत्काळ दवाखाना गाठावा.

संसर्ग झालाच तर काय करतात, हे मोतीच्या उदाहरणावरून सांगतो. डॉक्टरांनी आणखी दोन टाके सोडून पूला वाट करून दिली, जखम निर्जंतुक सलाइनने धुतली आणि आतील स्राव कापसाच्या काडीवर घेऊन प्रयोगशाळेत पाठविला. कोणता जंतू आहे व तो कोणत्या औषधास दबतो हे त्या तपासणीतून कळते. तिसऱ्या दिवशी अहवाल आला. मी अर्धवट सोडलेले औषध त्या जंतूवर चालत नव्हते. ते माझ्या चुकीमुळे की मुळापासूनच, हे कोणी सांगू शकत नाही, पण हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. दुसरे औषध सुरू झाले. जखम पुन्हा शिवली नाही. ती तळापासून मांस भरत वर यावी म्हणून उघडीच ठेवून रोज मलमपट्टी केली. लालसर, दाणेदार मांस दिसू लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता जखम शहाणी झाली." पूर्ण भरण्यास पाच आठवडे लागले.

प्रतिजैविकांचा हा प्रश्न एका कुत्र्यापुरता नाही. औषधांना न जुमानणारे जंतू ही साऱ्या जगापुढील समस्या असून भारत सरकारने २०१७ साली त्यासाठी राष्ट्रीय कृती योजना जाहीर केली. एका घरात राहणारी माणसे व जनावरे यांच्यात जंतूंची देवाणघेवाण होत असते. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेऊ नये, सांगितलेले मध्येच सोडू नये, आणि उरलेले पुढील वेळेसाठी जपून ठेवू नये. मोतीच्या गोळ्या बंद करताना हे मला ठाऊक नव्हते असे नाही. त्या विषयावरचे पत्रक मी स्वतः छापून घेतले होते.

रस्त्यावरील कुत्र्यांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. त्यांच्या जखमेची राखण करणारे कोणी नसते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर टाके निघेपर्यंत त्यांना कोणी तरी आसरा देणे अगत्याचे आहे. वेदनेत असलेले जनावर ओळखीच्या माणसासही चावते. तेव्हा त्यास मुसके बांधूनच हाताळावे. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन अलर्क रोगावरील लस त्वरित घ्यावी. साहाय्यासाठी आपल्या शहरापासून जवळच, महू येथे, १९५५ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

मित्रहो, इंदूर शहराने २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिला क्रमांक मिळविला आणि पुढे तो वर्षानुवर्षे टिकविला. ही कीर्ती एका दिवसाच्या मोहिमेने आली नाही. घराघरांतून रोज सकाळी ओला व सुका कचरा वेगळा करणाऱ्या हातांनी ती आणली. जखमेचेही तसेच आहे. रोजची दहा मिनिटे, धुतलेले हात, स्वच्छ अंथरूण आणि वेळेवर दिलेली गोळी, यांनीच ती भरते.

काल सायंकाळी मी बंधूंच्या घरी उतरलो तेव्हा मोती फाटकापर्यंत धावत आला. तीन पायांवर धावतो म्हणून त्याची चाल थोडी उड्या मारल्यासारखी आहे, एवढाच फरक. माझ्यावर त्याचा राग नाही. आत्या मात्र हसून म्हणाल्या, "कॉलर काढणारा आला बरे का." तो शेरा मी शिरोधार्य मानला आहे. तो आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याचसाठी मी आज आपला वेळ घेतला.