चिंता म्हणजे अश्रद्धा नव्हे
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आनंदाच्या या दिवशी मी चिंतेचा विषय काढावा, याचे आपणांस नवल वाटेल. तथापि त्यास कारण आहे. कित्येक वर्षांपूर्वी एक माता मजकडे आली. रात्र रात्र झोप नाही, छाती धडधडते, असे तिने सांगितले. मी म्हणालो, “बाई, श्रद्धा वाढवा, जपमाळ अधिक करा.” ती मान खाली घालून निघून गेली. तिच्या दुखण्यावर मी दोषाचे ओझे ठेविले, हे मला फार उशिरा कळले. तो उपदेश मी आज सर्वांसमक्ष मागे घेतो.

चिंता हे पाप नव्हे. गेथशेमनी बागेत स्वतः प्रभू येशूचा जीव व्याकूळ झाला. त्याने पित्याची प्रार्थना केली आणि तिघा शिष्यांस सोबत जागे राहण्याची विनवणीही केली. मग तळेगावच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याने अथवा पहाटेच्या लोकलने पुण्यास जाणाऱ्या भगिनीने आपला भार कोणापाशी बोलून दाखविण्यास का लाजावे?

या कामी आपले लोणावळे भाग्यवान आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापिले आणि प्राणायामाचे शरीरावरील परिणाम शास्त्रीय प्रयोगांनी तपासले. येशूसंघाचे फादर अँथनी डिमेलो यांनी पुण्यात सुरू केलेली साधना संस्थाही पुढे लोणावळ्यास आली. श्वासाकडे लक्ष देऊन प्रार्थनेत शिरावे, असे ते शिकवीत. त्यांची काही मते श्रद्धेशी विसंगत असल्याचे रोमने १९९८ साली जाहीर केले, हे मी लपवीत नाही. परंतु श्वासासह प्रार्थना ही काही परकी गोष्ट नव्हे. संत इग्नेशियस यांच्या ज्या ‘आध्यात्मिक साधना’ ग्रंथास १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळाली, त्यातील प्रार्थनेची तिसरी पद्धत हीच आहे: एकेका श्वासागणिक प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक शब्द मनात उच्चारावा.

रात्री अंथरुणावर ताठ बसा. खांदे सैल सोडा. श्वास सावकाश घ्या, त्याहूनही सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबला की शरीरास उसंत मिळते. दहा मिनिटे पुरेत; घेरी वाटल्यास थांबा. मग मनातील काळज्या कागदावर लिहा, उद्या करता येईल असे एक काम निवडा आणि उरलेले प्रभूच्या हाती द्या.

इतके करूनही दोन आठवडे झोप, भूक अथवा काम बिघडलेलेच राहिले, तर डॉक्टरांकडे जा. औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे नव्हे. जगणे नकोसे वाटू लागले, तर एक रात्रही थांबू नका. सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

ती माता आता आपल्यात नाही. परंतु तिच्यासारखे कोणी येथे बसले असेल, तर त्याने माझे दार अवश्य ठोठवावे. या वेळी मी आधी ऐकून घेईन.

प्रभूची शांती आपणां सर्वांबरोबर असो.