क्षेमपालनाची खिडकी

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यापीठावर बोलायला आम्हाला उभं केलं, याचं आम्हालाच हसू येतं. आम्ही डिप्लोमावाले. विद्यापीठाची पायरी आम्ही विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. पण मंडळाच्या मागच्या खोलीत जून ते सप्टेंबर दर रविवारी आम्ही चार-पाच सरकारी नोकर टेबल टाकून बसतो आणि मुलांचे फॉर्म भरून देतो. त्या निमित्ताने विद्यापीठातली एक खिडकी आमच्या चांगल्या ओळखीची झाली आहे. तेवढ्यावरच बोलणार आहोत.

तिच्यावर कन्नडमध्ये पाटी असते : विद्यार्थी क्षेमपालन. क्षेम हा शब्द आपल्या आजोबांच्या प्रत्येक पत्रात होता, ‘इकडील सर्व क्षेम’. मुलगा शिकायला गेला की त्याच्या वर्गाबाहेरच्या सगळ्या गोष्टी या कचेरीकडे येतात : वसतिगृह, शिष्यवृत्ती, तक्रार, आजारपण, युवक महोत्सव. आपण अ‍ॅडमिशन झाली की पेढे वाटतो. या कचेरीचं काम तिथून सुरू होतं.

आपल्या भागात हे सगळं उशिरा आलं. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षणाला हैदराबाद, आणि तिथे उस्मानियाचं माध्यम उर्दू. 1938 साली वसतिगृहात वंदे मातरम् म्हणायला बंदी झाली, मुलांनी ती मानली नाही, आणि शेकडो मुलं काढून टाकली गेली. त्यांतल्या पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने घेतलं. पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. आम्हाला त्या गोष्टीत नेहमी नागपूरच्या कचेरीतला कारकून दिसतो. अर्ज घेऊन दारात उभ्या राहिलेल्या पोरांना त्याने परत पाठवलं असतं तर? 1956 नंतर आपण म्हैसूर राज्यात आलो आणि धारवाडकडे बघू लागलो. गुलबर्गा विद्यापीठ 1980 चं. कडगंचीचं केंद्रीय विद्यापीठ 2009 चं. बिदरला नंदीनगरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. म्हणजे आता पोरगी सकाळी एस.टी.ने जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकते.

आता आमची चूक सांगतो. औराद तालुक्यातली एक मुलगी. दहावीच्या मार्क्स कार्डावर तिचं नुसतं नाव आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, आपल्याकडे कर्नाटकात असतं तसं. आधार कार्ड मात्र लातूरला मामाकडे असताना काढलेलं. त्यावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं पूर्ण नाव. माणूस एक, कागदावर दोन. शिष्यवृत्तीच्या पोर्टलला हे चालत नाही. नाडकचेरीतून आणलेल्या उत्पन्नाच्या दाखल्याचा आरडी नंबर बरोबर होता, बँकेचं खातं आधारला जोडलेलं होतं, फक्त नाव जुळेना. आम्ही तिला म्हणालो, ‘होईल गं, नंतर बघू.’ आमच्याकडे त्या रविवारी गर्दी होती. पुढच्या रविवारी बघू म्हणता म्हणता शेवटची तारीख निघून गेली. वडिलांनी तुरीच्या भरवशावर उचल घेऊन वसतिगृहाचे पैसे भरले. आम्हाला ते एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी आम्ही चंग बांधून क्षेमपालनाच्या खिडकीवर गेलो. आम्ही दोघे, तिचे वडील, मामा, आणि सगळ्यांच्या मागे ती. आम्हीच बोलत होतो. तिथल्या मॅडमनी आमचं थोडं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘काका, तुम्ही सगळे जरा बाहेर बसा. विद्यार्थी तुमच्यात कोण आहे?’ आम्हाला रागच आला. सरकारी माणसाला सरकारी कचेरीत कोणी बाहेर बसवलेलं आवडत नाही. बाकावर बसून काचेतून बघत होतो. पोरगी अडखळत कन्नडमध्ये बोलत होती. मग तिने तिथेच बसून स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. मार्क्स कार्ड बदलणं अवघड, त्यापेक्षा मार्क्स कार्डाप्रमाणे आधार दुरुस्त करून घे, हे तिला पाच मिनिटांत समजलं. आम्ही वर्षभर उलटं करायला निघालो होतो. त्या वर्षी शिष्यवृत्ती मिळाली. आधीच्या वर्षाची गेली ती गेलीच.

दुसरी गोष्ट गप्प बसण्याची. वसतिगृहात राहणारा आपल्यातलाच एक मुलगा एकदम रोज अप-डाउन करू लागला. आम्हाला वाटलं, घरच्या भाकरीची आठवण येत असेल. रॅगिंग होतं, हे चार महिन्यांनी कळलं. प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनाही द्यावं लागतं, 2009 पासूनचा नियम आहे. आपण ते न वाचता भरतो. 1800-180-5522 हा फुकट नंबर आहे, लिहून घ्या. 2023 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विद्यापीठात तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल असतो. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. पण आधी तक्रार करायला हवी. आपल्या घरात मात्र ‘इथे राहायचंय, वाकडं कशाला घ्यायचं’ हे वाक्य फार लवकर येतं. आम्ही स्वतः ते म्हटलेलं आहे.

तिसरं, 371 जे. या दाखल्यावर आपल्या भागातल्या संस्थांत 70 टक्के आणि राज्यात इतरत्र 8 टक्के जागा स्थानिकांसाठी आहेत. मराठी बोलणाऱ्याला हे नाही, असा एक समज आपल्यात अजून फिरतो. दाखला राहण्यावर आहे, भाषेवर नाही. तो असिस्टंट कमिशनरच्या कचेरीतून मिळतो. उदगीर-लातूर-सोलापूरला मुलांना पाठवणाऱ्यांना आम्ही अडवत नाही. आमचीही मुलं गेली आहेत. सीमाप्रश्न हा आजचा विषय नाही. फक्त दोन्हीकडचे नियम आधी वाचावेत आणि मग एस.टी.त बसावं.

औरादची ती मुलगी आता दर रविवारी आमच्या टेबलावर बसते. नावं तीच तपासते, आम्हाला हात लावू देत नाही. या वर्षी टेबल दिवाळीपर्यंत आहे, सकाळी दहा ते एक. येताना मूळ मार्क्स कार्ड आणावं, झेरॉक्स नको. आणि मुलाला बरोबर आणावं.