वानवळा आणि कूलर

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'समुपदेशन केंद्रातील अनुभव' असं छापलं आहे. अनुभव पुष्कळ आहेत. त्यातले जे सांगताना आपली मान ताठ राहते ते आपण दर शिबिरात सांगतोच. आज मी आमच्या केंद्राच्या अहवालात कधीच न आलेली गोष्ट सांगणार आहे. कामाच्या जागी लोक आपल्याला जे आणून देतात त्याबद्दल. पेरूपासून पाकिटापर्यंत.

एम.एस.डब्ल्यू. करून मी केंद्रात लागले, त्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. राहात्याकडची एक बाई मुलीच्या पोटगीसाठी यायची. वय पन्नाशीचं, पेरूच्या बागेत रोजंदारीनं जाणारी. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. तिकडून एस.टी.नं यायचं म्हणजे तिचा एक रोज बुडायचा आणि वर भाडं. एका तारखेला तिनं पदराखालून पिशवी काढली आणि टेबलावर पाच पेरू ठेवले. मी नवी होते. व्यावसायिक नातं, अंतर राखणं, हे सगळं डोक्यात ताजं होतं. मी म्हटलं, "मावशी, आम्हाला असं काही घेता येत नाही." तिनं मुकाट्यानं पेरू परत पिशवीत भरले.

पुढच्या तारखेला मला दाराबाहेर बोलावलं आणि हातात पाचशेची घडी घातलेली नोट कोंबली. म्हणाली, "त्या वक्ताला लई थोडं आणलं होतं, ताई. राग मानू नका."

मी चिडले. नोट परत केली आणि तिला बऱ्यापैकी सुनावलं. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला बसवून विचारलं, आजवर कुठं कुठं दिलेत? तिनं बोटांवर मोजून दाखवलं. अर्ज लिहिणाऱ्याला. तक्रार लिहून घ्यावी म्हणून एकाला. दवाखान्यातला कागद मिळावा म्हणून एकाला. नोटीस जावयाच्या हातात पडावी म्हणून आणखी एकाला. शेळी विकली होती. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रारीचा सूर नव्हता. दळणाचा हिशेब सांगावा तसं सांगत होती.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बागेच्या मालकानं तिला दिलेल्या पेरूंतले पाच तिनं मला आणले होते. आपल्याकडं पहिली तोडणी झाली, हुरडा आला, शेंगा निघाल्या की शेजारी वानवळा जातो. तो तसाच वानवळा होता. मी तो नाकारला आणि माझ्या नाकारण्यातून त्याची लाच झाली. तिच्या अनुभवात 'नको' या शब्दाचा अर्थ एकच होता, 'कमी आहे'.

आता कायद्याचं थोडं. आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं की लाच हा सरकारी नोकरांचा विषय, आपण संस्थावाल्या, आपला काय संबंध? भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा 1988 चा आहे. त्यातल्या 'लोकसेवक' या शब्दाच्या व्याख्येत, सरकारकडून कुठलंही आर्थिक साहाय्य घेतलेल्या सामाजिक संस्थेचे पदाधिकारी आणि कर्मचारीही येतात. शिवाय कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यातलं तिसावं कलम पाहा. त्या कायद्याखाली काम करताना संरक्षण अधिकारी आणि सेवा देणाऱ्या संस्थांचे सदस्य लोकसेवक मानले जातात. म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाईच्या नजरेत तुम्ही 'ताई' असाल, कायद्याच्या नजरेत तुम्ही आणि तलाठी एका ओळीत बसलात.

आपल्या जिल्ह्याचं नाव काढलं की बाहेरची माणसं शिर्डी म्हणतात, नाहीतर राळेगणसिद्धी. (जिल्ह्याचं नाव 2024 पासून अहिल्यानगर झालं, पण जिभेवर अजून नगरच येतं, सांभाळून घ्या.) अण्णा हजारेंचं भ्रष्टाचारविरोधी जन आंदोलन 1991 मध्ये पारनेर तालुक्यातल्या त्या गावातून उभं राहिलं. त्या रेट्यातून राज्याचा माहितीच्या अधिकाराचा कायदा 2002 मध्ये आला, पुढं 2005 मध्ये केंद्राचा आला. त्याच साली राज्यात बदल्यांचा आणि दिरंगाईचा कायदा झाला. साधारण कामाची फाईल एका टेबलावर सात दिवसांहून जास्त, तेही कामाचे दिवस, पडून राहू नये, असं तो सांगतो. हे लहान काम नाही. लाच बहुतेक वेळा चुकीच्या कामासाठी द्यावी लागत नाही, आपल्या हक्काचं काम वेळेत व्हावं म्हणून द्यावी लागते. राहात्याच्या मावशीनं जे जे पैसे मोजले ते सगळे हक्काच्या कामाचे होते.

2011 मध्ये दिल्लीत उपोषण चाललं तेव्हा मी शिकत होते. आम्ही मुली टोप्या घालून, मेणबत्त्या घेऊन नगरच्या रस्त्यावर फिरलो. घोषणा देऊन घसा बसला होता. आमच्या डोळ्यांसमोर तेव्हा मंत्री होते, अधिकारी होते, कंत्राटदार होते. आणखी चार-पाच वर्षांनी आपल्याच टेबलावर काय येऊन पडणार आहे याची कल्पना एकीलाही नव्हती. त्या आंदोलनानं फाईल अडवणाऱ्या पुरुषाचं चित्र स्पष्ट उभं केलं. बायकांकडून जे मागितलं जातं त्याचं मात्र त्यात फारसं नाव नव्हतं. 'संध्याकाळी निवांत या, मग बघू' हे वाक्य इथं बसलेल्या किती जणींनी आपल्याकडं येणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे? कायद्यानं लाच म्हणजे नुसता पैसा नव्हे. असली मागणीही लाचेचीच मागणी आहे. त्यावर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडं तक्रार करता येते, 1064 वर फोनही करता येतो. पण बाई ते वाक्य आपल्यापाशी बोलते तेच मुळी खाली मान घालून.

आता कूलर.

मे महिना होता. केंद्राची खोली पत्र्याची, पंखा एक. सरकारी अनुदान अडकलेलं, आमचं मानधन चार महिने आलं नव्हतं. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण ते होतंच. एक प्रकरण चालू होतं. मुलगी दक्षिणेकडच्या कोरडवाहू तालुक्यातली, सासर उसाच्या पट्ट्यातलं, जीप दाराशी असलेलं. मारहाण होती, मूल काढून घेतलं होतं. सासरे दर तारखेला स्वतः यायचे. पांढरे कपडे, बोलणं अदबीचं. "ताई, तुम्ही लेकीसारख्या" वगैरे. एकदा रुमालानं मान पुसत म्हणाले, "इथं बायाबापड्या लेकरं घेऊन उकाड्यात बसतात, बघवत नाही." दोन दिवसांनी टेम्पोतून कूलर आला. संस्थेच्या नावानं, देणगी म्हणून. मागितलं काहीच नव्हतं. मी पावती फाडली. पावती फाडली म्हणजे सगळं स्वच्छ, असं मला खरंच वाटलं.

पुढच्या तारखेला ती मुलगी आली आणि दारातच उभी राहिली. कूलरच्या अंगावर सासऱ्यांच्या दुकानाचं स्टिकर होतं, आमच्यापैकी कुणी ते काढलंही नव्हतं. मी म्हटलं, "ये ना, आत ये, गार आहे." ती म्हणाली, "त्यांच्या वाऱ्याखाली बसून मी काय बोलू?"

ती परत आमच्याकडं आली नाही. पुढं भावकीच्या बैठकीत थोडक्या पैशावर फारकत झाली असं कानावर आलं. मूल सासरीच राहिलं. आम्ही दोनदा तिच्या गावी गेलो. एकदा आईनं पाणी दिलं आणि ती घरात नाही म्हणून सांगितलं. घरात बांगड्यांचा आवाज येत होता.

कूलर आम्ही परत पाठवला, तो भाग सोपा होता. मग मी तिचा केसपेपर काढून वाचला. कूलर येण्याआधीच्या माझ्या नोंदीत सासऱ्यांबद्दल लिहिलं होतं, 'दडपण आणतात, सुनेला बोलू देत नाहीत.' कूलर आल्यानंतर तिसऱ्या दिवशीची नोंद, माझ्याच अक्षरात: 'सासरे समजूतदार वाटतात, मध्यस्थीसाठी उपयोग होऊ शकेल.' मधल्या काळात सासऱ्यांनी समजूतदारपणाचं काही केलं नव्हतं. फक्त माझी पाठ गार झाली होती.

पाथर्डी-शेवगावकडच्या ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मुकादमाची उचल एकदा घरात आली की कोयता हातात घ्यावाच लागतो, मग घरात बाळंतीण असो की म्हातारं आजारी असो. मला वाटायचं की आपण काही उचल घेतलेली नाही. देणाऱ्यानं मात्र ती दिली होती, आणि माझ्या पेननं ती फेडायला सुरुवातही केली होती.

आणखी एक गोष्ट आपण बायका असल्यामुळं घडते. पुरुष कर्मचाऱ्याला पाकीट थेट दिलं जातं. आपल्याला ते घरातून येतं. "तुमच्या मिस्टरांची भेट झाली काल, चांगला माणूस." भावाला कारखान्यावर चिकटवण्याचा शब्द येतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला भारीपैकी वाण घेऊन कुणाची तरी नणंद सासूबाईंकडं येते, आणि रात्री जेवताना सासूबाई म्हणतात, "एवढी चांगली माणसं, त्यांच्या सुनेचं तू कशाला मनावर घेतेस?" माझ्या घरी हे झालं. साडी परत करायला मीच गेले. त्यानंतर सासूबाई महिनाभर माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. घरात आलेली वस्तू परत करणं हा त्यांच्या दृष्टीनं त्यांचाच अपमान होता, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यात तथ्यही होतं. एम.एस.डब्ल्यू.च्या अभ्यासक्रमात सासूबाई नव्हत्या.

केंद्रात आता आम्ही एक वही ठेवली आहे. कुणी काय आणलं, कुणाच्या बाजूनं आणलं, त्याचं काय केलं, हे त्याच दिवशी लिहायचं. वही टेबलावरच असते, कुणीही पाहावी. खाण्याचं असेल तर सगळ्यांसमोर कापायचं, बाहेर ताटकळणाऱ्यांनाही द्यायचं. त्या दिवशी संपणार नाही अशी कुठलीही वस्तू आत ठेवायची नाही, प्रकरण चालू असताना तर नाहीच, आणि देणगी म्हणून आलेलीही नाही. यावर आमच्यात भांडणं झाली. एकीचं म्हणणं, गरिबाचे पेरू आणि श्रीमंताचा कूलर यांना एकच नियम कसा? दुसरीचं म्हणणं, श्रीमंताच्या घरचीही सून बाईच असते, तिनं मनापासून दिवाळीचा फराळ आणला तर? मला स्वतःला हा नियम थोडा कोरडा वाटतो. तरी मी तो पाळते, कारण कूलरच्या वेळी मला आतून काहीच टोचलं नव्हतं. माझ्या मनाच्या ग्वाहीवर मी आता विसंबत नाही.

राहात्याच्या मावशीचं सांगायचं राहिलं. मुलीची पोटगी सुरू झाल्यावर ती परत आली, पेरू घेऊन. आम्ही ते मीठ-तिखट लावून सगळ्यांनी खाल्ले. तिला वहीतली नोंद वाचून दाखवली तर हसायला लागली, म्हणाली, "पेरवाची बी पावती व्हय?"

शेवटी एक अडचण तुमच्यापुढं ठेवते, कारण जेवणानंतर आपण गटात बसणार आहोत. 2018 मध्ये लाचलुचपतीचा कायदा बदलला. पूर्वी देणाऱ्याला थोडंफार संरक्षण होतं, ते गेलं. आता लाच देणंही गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सूट आहे ती जिला भाग पाडलं गेलं तिला, तेही तिनं सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवलं तर. देण्याआधीच कळवून सापळा लावला तर प्रश्न येत नाही. आपल्याकडं येणाऱ्या बायकांना यातलं काही माहीत नसतं. त्या येतात आणि सरळ सांगतात, अमक्याला इतके दिले.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. घटस्फोटाच्या प्रकरणात एक कागद हवा होता, त्यासाठी एका कार्यालयात तिच्याकडून तीन हजार घेतले. मी दिवस मोजले, चार झाले होते. तीन उरले होते. मी तिला सगळं समजावलं. ती म्हणाली, "ताई, कागद हातात पडलाय. आता तक्रार केली तर पुढचे चार कागद कोण देईल?" मी तिच्यावर जोर करायचा का? तिच्या वतीनं आपण संघटना म्हणून काही करायचं का, आणि ते तिच्या मर्जीविरुद्ध? मी तिला विचार करून ये म्हटलं आहे. उद्या सातवा दिवस आहे. ती सकाळच्या गाडीनं येणार आहे.