पातं फिरवण्याआधी

विरार लोकलमध्ये उभे असाल तर इअरफोन नीट बसवा, आज थोडं गणित आहे.

इंजिनीअरिंगला असताना नालासोपाऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी आणि एका मित्राने ड्रोन बनवला होता. एका पात्याला तडा गेला. नवीन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून चिकटवलं आणि मोटर फुल्ल सोडली. पातं तुटून माझ्या कानाजवळून गेलं. आम्ही हसलो आणि खाली जाऊन वडापाव खाल्ला.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळच्या फुलसावंगीची बातमी वाचली आणि त्या हसण्याची लाज वाटली. तिथल्या एका तरुण वेल्डरने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनवलं होतं, मारुती ८०० चं इंजिन लावून. जमिनीवरच चाचणी चालू असताना मागचं पातं तुटलं, वरच्या मोठ्या पात्यावर आदळलं आणि ते त्याच्या डोक्याला लागलं. तो गेला.

आता गणित. समजा, मध्यापासून १ मीटरवर १ किलो वजन आहे आणि ते मिनिटाला १२०० फेऱ्या मारतंय. ते बाहेरच्या बाजूला साधारण १६०० किलोच्या जोराने ओढतं. म्हणजे दोन मारुती ८०० लटकवल्या, तरी त्याहून जास्त! आणि फेऱ्या दुप्पट केल्या की ओढ चौपट.

ही झाली फक्त ओढ. हेलिकॉप्टर पुढे निघालं की एका बाजूचं पातं वाऱ्यावर चाल करून जातं, दुसऱ्या बाजूचं मागे सरतं. टोकाचा वेग सेकंदाला २१० मीटर आणि हेलिकॉप्टरचा ६० असेल, तर एकीकडे २७०, दुसरीकडे १५०. म्हणजे तेच पातं प्रत्येक फेरीत एकदा जोरात उचललं जातं, एकदा सैल पडतं.

आणि खरी गंमत पुढे आहे. पातं लवचिक असतं. हवा त्याला वाकवते, पिळते. पिळलं की हवेशी कोन बदलतो, कोन बदलला की जोर बदलतो, मग ते परत वेगळं वाकतं. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन प्रोग्रॅम एकमेकांना इनपुट देत राहतात. एक हवेचा, एक पात्याचा. उत्तर स्थिर होईपर्यंत लूप चालवायचा. स्थिर झालंच नाही, थरथर वाढतच गेली, तर पातं तुटू शकतं.

मॉडेल बरोबर आहे का, हे तपासायला अमेरिकेत १९९३-९४ मध्ये नासा आणि लष्कराने ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या एकाच पात्यावर हवेचा दाब मोजणारे २४२ सेन्सर बसवून उड्डाणं केली. इतकं करूनही हे गणित आजही अवघडच मानतात.

फुलसावंगीच्या त्या मुलाकडे हिंमत होती, हातात कला होती. शेजारी बसून हिशेब करणारं कुणी हवं होतं. तुमच्या ओळखीत कुणी असं काही बनवत असेल, तर हसू नका. लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे जा. आणि पातं फिरताना त्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. आधी आकडे, मग स्विच.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!